कातणाऱ्या हाताचं माप

वर्ध्याला खेटून असलेल्या नालवाडीत १९३२ च्या डिसेंबरात विनोबा भावे राहायला आले. वस्ती मुख्यतः दलितांची. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगतो का, हे त्यांनी इथे स्वतः कातून पाहिलं. दिवसाचे कितीतरी तास कातूनही पोटापुरतं सुटणं कठीण होतं. गांधीजींच्या चरखा संघाने १९३५ मध्ये कातणाऱ्यांना जगण्याइतकी मजुरी देण्याचं धोरण घेतलं, त्याआधीच्या या खटाटोपाला मी यंत्रशास्त्रातला प्रयोगच मानतो. अवजार सुधारण्याआधी ते चालवणाऱ्याच्या पदरात काय पडतं, हे मोजायला हवं होतं.

अभियंत्यांना आवाहन त्याच्याही आधी गेलं होतं. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी आजही वाचाव्यात अशा आहेत. किंमत १५० रुपयांच्या आत. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६ हजार फूट सूत. झोपडीत मावेल, बाईला आठ तास फारशी दमणूक न होता चालवता येईल, वीस वर्षं टिकेल, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाणार नाही. कारखान्यातली यंत्रं मागवताना मजुराच्या थकव्याची अट कोण घालतं? बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मॉरिस फ्रीडमन मात्र दुसऱ्या टोकाने आले. पोलंडचे हे विद्युत अभियंते बंगळुरूच्या सरकारी कारखान्याचं काम पाहायला भारतात आले, मग गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहिले; भारतानंद या नावानेही ते ओळखले जात. औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगातही त्यांचा हात होता. निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद त्यांनी पुढे इंग्रजीत नेले, म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. पण त्यांची धनुष टकळी तितकीच मोलाची. चाक नाही, माळ नाही. बांबूच्या धनुष्याने टकळी फिरवायची. चरख्याहून स्वस्त, करायला सोपी, दुरुस्तीची कटकट कमी. मोठ्या विद्युत यंत्रांतला माणूस बांबूपाशी येऊन थांबला, यात मला त्यांच्या विद्येची कसोटी लागलेली दिसते.

नालवाडीचं दुसरं नाव चर्मालयाचं. गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं काम उभं केलं. कातड्याबरोबर हाडं-मांसही वाया जाऊ द्यायचं नाही, असा हिशेब होता. तंत्र चांगलंच होतं. तरी त्याच काळात डॉ. आंबेडकर दलितांना मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडा, असं सांगत होते, आणि ते बरोबर होते. कातडी कमावण्याचा हौद कितीही स्वच्छ केला, तरी त्यात कोणी उतरायचं हे जातच ठरवत असेल, तर अवजाराची सुधारणा अपुरी राहते. खेड्यात सेवेला जाणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने हा प्रश्न सोबत न्यायला हवा.

वर्ध्याच्या परिसरातला हा विचार दूरवर गेला. वर्ध्यातल्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पांचा आधार अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी घेतला; त्यांनी १९६६ मध्ये लंडनला मध्यम तंत्रज्ञानाचा गट स्थापला. वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. नालवाडीजवळच्या दत्तपूरला त्याचा परिसर आहे. केंद्राच्या कामातलं मला सर्वांत आवडतं ते शंकूच्या आकाराच्या कौलांचं छत. कुंभार चाकावर मातीचे शंकू घडवतो, ते एकात एक बसवून कमान उभी राहते, वरून लिंपण होतं. छताला लाकूड लागत नाही, आणि छताच्या पैशातला वाटा गावच्या कुंभाराकडे जातो.