ध्वनिमुद्रिकेची झीज : सुई, खाच आणि भार

ध्वनिमुद्रिका वाजविणे म्हणजे ती थोडीथोडी झिजविणेच होय. संगीताच्या अभ्यासकाला मात्र एकच तान दहा वेळा ऐकल्यावाचून गत्यंतर नसते. ह्या पेचातून वाट काढावयाची, तर झीज कोठे व का होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीत खनिजांची पूड मुद्दाम मिसळलेली असे. पोलादी सुई तीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा त्यातील हेतू. प्रत्येक बाजूस नवी सुई लावण्याचा दंडक त्यातूनच आला. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची दीर्घकाल वाजणारी ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. पुढे हिऱ्याची सुई रूढ झाली आणि हे नाते पुरते उलटले : तबकडी मऊ, सुई कठीण.

आधुनिक यंत्रात सुईवर साधारणतः दीड ते दोन ग्रॅमांचा भार असतो. तो क्षुल्लक वाटतो. परंतु सुईचा खाचेच्या भिंतींशी होणारा स्पर्श अवघ्या काही मायक्रॉनांच्या टापूत होत असल्याने तेथील दाब हजारो वातावरणांइतका होतो. व्हिनाइल क्षणभर दबते व बहुतांशी पूर्ववत होते. यावरून भार जितका कमी तितका बरा, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. भार अपुरा पडला की मोठ्या आंदोलनाच्या वेळी सुई भिंत सोडते, पुन्हा तीवर आदळते, आणि त्या आघाताचा व्रण कायम राहतो. म्हणून निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या मध्यापासून वरचा भार घेणे श्रेयस्कर. हिराही झिजतोच, झिजलेल्या हिऱ्याला सपाट पैलू पडून त्यांच्या कडा खाच कापू लागतात.

आता आमच्या विषयाशी निगडित मुद्दा. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदास सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या टोकाशी जेमतेम २०. तेवढ्याच वेळाचा ध्वनी तेथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि सूक्ष्म, तार ध्वनी तेथेच सर्वांत आधी पुसट होतात. ख्यालातील द्रुत ताना बहुधा बाजूच्या अखेरीस येतात! अभ्यासकाला जे पुनःपुन्हा ऐकावयाचे असते, नेमके तेच अधिक झिजते.

उपाय साधे आहेत. वाजविण्यापूर्वी धूळ काढावी. तबकड्या उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला मद्यार्क लावू नये, लाख त्यात विरघळते. पहिल्याच चांगल्या वादनात अंकीय प्रत करावी आणि पुढील श्रवण त्या प्रतीवरून करावे.

लाखेच्या जीर्ण तबकडीचीही आशा सोडू नये. तिला एल. पी.ची सुमारे २५ मायक्रॉन त्रिज्येची सुई चालत नाही. ७५ मायक्रॉनांच्या आसपासची लागते. परंतु त्याहून थोडी जाड वा बारीक सुई लावल्यास ती भिंतीच्या वेगळ्या उंचीवर टेकते, आणि जुन्या सुयांनी न घासलेला भाग कित्येकदा तेथे अद्याप शाबूत सापडतो. प्रत करणाऱ्याने कोणती सुई वापरली, हे नोंदवहीत अवश्य लिहावे.