पाण्याचा श्वासोच्छ्वास आणि प्रकाशाचें माप

निरांजनावर फुंकर घातली असतां ज्योत तत्काळ विझते. परंतु तितक्याच अंतरावरून, तितक्याच जोरानें श्वास आंत ओढला असतां ती विझत नाहीं. याचें कारण असें कीं, बाहेर सोडलेला वारा धारेच्या रूपानें एका दिशेस जातो. आंत ओढलेला मात्र चोहोंकडून येतो, आणि म्हणून कोठेंच त्याचा जोर जाणवत नाहीं. वडील माणसांसमक्ष मुलांनीं हें अवश्य करून पाहावें.

याच भेदावर एक अर्वाचीन युक्ति उभारलेली आहे. तिला 'सिंथेटिक जेट' म्हणतात. आपण 'कृत्रिम झोत' म्हणूं. पाण्यांत बुडविलेल्या लहानशा डबीस एका बाजूनें लवचिक पडदा व दुसऱ्या बाजूनें बारीक छिद्र असतें. पडदा कंप पावूं लागला कीं छिद्रांतून पाणी बाहेर पडतें व पुन्हा आंत येतें. जमाखर्चाची बाकी शून्य! तथापि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या कडेस भोवऱ्याचें वलय बनतें, आणि पडदा तें मागें ओढूं लागण्यापूर्वींच तें दूर निघून गेलेलें असतें. अशीं वलयें एकामागून एक गेलीं म्हणजे पुढें झोत तयार होतो. अमेरिकेंत बार्टन स्मिथ व आरी ग्लेझर यांनीं १९९८ सालीं या झोताचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें.

आतां त्याचा वेग मोजावा कसा? पाण्यांत सळई घातली तर झोतच बिघडतो. एका तापलेल्या तारेचें मापक लावलें, तर पाणी बाहेर जातें कीं आंत येतें, हें तिला कळत नाहीं; आणि येथें तर सर्व मर्म त्यांतच आहे! ही अडचण लेसरच्या प्रकाशानें दूर केली. यिन येह व हर्मन कमिन्स यांनीं १९६४ सालीं पाण्यांतील सूक्ष्म गोळ्यांवरून विखुरलेल्या लेसर-प्रकाशाच्या कंपनसंख्येंतील फरकावरून प्रवाहाचा वेग काढला. दुसरी रीत याहून सोपी आहे. प्रकाशाचा पातळ पापुद्रा पाण्यांतून सोडून, त्यांत चमकणाऱ्या कणांचीं लागोपाठ दोन छायाचित्रें घ्यावयाचीं. सेकंदाच्या सहस्रांशांत कण ०.२ मिलिमीटर सरकला, तर वेग सेकंदास २० सेंटिमीटर झाला. गोदावरींत सोडलेल्या द्रोणांतील दिव्यावरून आम्ही नाशिककर प्रवाहाची गति ओळखतों, तत्त्व तेंच.

हा खटाटोप निरर्थक नव्हे. पवईच्या आय. आय. टी.मध्यें मंगेश चौधरी, भालचंद्र पुराणिक व अमित अग्रवाल यांनीं हवेंतील अशाच झोतानें तापलेला पृष्ठभाग थंड करून पाहिला. आपोआप निवण्याच्या मानानें उष्णता वाहून नेण्याचें प्रमाण ११ पटींपर्यंत वाढल्याचें त्यांस आढळलें. तो निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाला. घरोघरीं आलेल्या संगणकांचें आयुष्य उष्णतेनेंच घटतें, हें लक्षांत घेतां याचें महत्त्व सहज कळेल.

आमच्या न्यायशास्त्रानें प्रमाणांत प्रत्यक्षास पहिलें स्थान दिलें आहे. असें असतां मुलें सूत्रें घोकतात आणि हातांत मोजपट्टी धरीत नाहींत, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते. मुलास गुण किती मिळाले हें विचारणाऱ्या वडील मंडळींनीं, त्यानें या महिन्यांत स्वतः काय मोजलें, हेंही एकवार विचारावें.