गुण आपल्याकडे, माहिती त्यांच्याकडे

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, हे आपल्या वस्तीतले शेंबडे पोरही सांगेल. जयंतीच्या प्रत्येक भाषणात त्याचा उल्लेख होतो. पण ते तिथवर पोहोचले कसे, हे आपण फारसे सांगत नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाची हुशारी हेरली, सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट नेली, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुढे बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी मंजूर केले आणि बाबासाहेब बोटीत बसले. बुद्धी बाबासाहेबांची, पैसा बडोद्याचा. पण दोहोंची गाठ घालून देणारा एक जाणता माणूस मध्ये होता. असा माणूस आज आपल्या किती इंजिनिअर मुलामुलींच्या वाट्याला येतो?

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेच्या विद्यापीठांत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकले. यातला फार मोठा भाग इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर आणि गणिताचा. त्यात आपली मुले किती, हे कुणी मोजत नाही. मोजले तर 'मेरिट'च्या गोष्टीला तडा जाईल. अजंता सुब्रमणियन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात आयआयटी मद्रासचा दाखला देऊन हेच दाखवले आहे, की पिढ्यान्‌पिढ्यांची जातीची पुंजी तिथे 'गुणवत्ता' हे नाव धारण करते आणि मग तीच अमेरिकेपर्यंत पोहोचते. एकाचा मामा टेक्सासला, दुसऱ्याची आत्या न्यू जर्सीत, तिसऱ्याच्या सोसायटीत दर दिवाळीला कुणीतरी तिकडून आलेले असते. कोणत्या महिन्यात काय करायचे, हे त्या घरांत जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या मुलाला ते कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

म्हणून आज माहितीच देतो. भाषणे नेहमीचीच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे सीईटी नाही, कॅप राउंड नाही, कटऑफची यादी लागत नाही. विभागातल्या प्राध्यापकांची समिती प्रत्येक अर्जाची फाईल वाचते. गुणपत्रके, परीक्षांचे गुण, उद्देशपत्र म्हणजे एसओपी, तीन शिफारसपत्रे आणि बायोडाटा, एवढ्यावर सारा कारभार. ८.९ सीजीपीएवाला नाकारला जातो आणि ७.४ वाला घेतला जातो, हे आपल्याकडच्या पालकांना पटतच नाही. पण ते रोज घडते. आयुष्यभर एका टक्क्यासाठी झगडलेल्या आपल्या मुलाने हे आधी समजून घ्यावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कन्सल्टन्सीच्या काचेच्या ऑफिसात ती सहसा सांगितली जात नाही. एम.एस. ही तिथे बहुतांशी पैसे मोजून घ्यायची पदवी आहे. दोन वर्षांची फी आणि राहणे मिळून ५० लाखांचा आकडा सहज ओलांडतो. पीएच.डी.चे तसे नाही. इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तर बहुतेक चांगल्या विद्यापीठांत फी माफ होते, आरोग्य विमा मिळतो आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल वर्षाला साधारण ३० ते ४५ हजार डॉलर विद्यावेतन हाती पडते. अनेक विभागांत चार वर्षांच्या बी.ई.वरून थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आधी एम.टेक. वा एम.एस. असावीच लागते असे नाही, वाटेत एम.एस. पदरात पडतेच. घर गहाण टाकण्याची ऐपत नसलेल्या मुलासाठी हा दरवाजा आहे, आणि नेमका तोच त्याला दाखवला जात नाही. दाखवणार कसा? अनेक कन्सल्टन्सींना विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळते, म्हणून तर त्या 'मोफत' मार्गदर्शन करतात. जिथे कमिशन, तिकडे बोट.

अर्थात पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षे, आणि संशोधनाची ओढ नसेल तर तो तुरुंगच. शिवाय २०२५ साली अमेरिकी सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावल्यावर अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. तरीही अर्ज करण्यापूर्वी दोन्ही वाटा समोर मांडून बघणे हा मुलाचा हक्क आहे.

परीक्षांविषयी थोडक्यात. जीआरई आता सुमारे दोन तासांची आहे, गुण पाच वर्षे चालतात; गणित आणि भाषा दोन्ही विभागांत १३० ते १७० गुण. करोनानंतर अनेक विभागांनी जीआरईची अट काढून टाकली, त्यामुळे सरसकट क्लास लावण्याआधी आपल्या यादीतल्या विभागांना ती खरोखर हवी आहे का, ते पाहावे. फी वीस हजारांच्या वर जाते, एखाद्या घरी ती दोन महिन्यांचे रेशन असते. टोफेल किंवा आयईएलटीएसचे गुण दोन वर्षांपुरतेच ग्राह्य धरतात. प्रत्येक विद्यापीठाची अर्ज फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज केले की लाखाचा चुराडा. काही विभाग कारण देऊन विनंती केल्यास फी माफ करतात. दोन ओळींचा ई-मेल पाठवायला पैसे पडत नाहीत, आणि मागितले म्हणून कुणी अर्ज फेटाळत नाही. आपल्या मुलांना मागायची लाज वाटते. ती लाज कुणी शिकवली, ते सांगायला नको.

आता शिफारसपत्रे. खरी मेख इथे आहे.

तीन पत्रे लागतात. पत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या ई-मेलवर विद्यापीठ थेट लिंक पाठवते, त्यावर त्यांनी पत्र चढवायचे. म्हणजे कॉलेजातल्या तीन माणसांनी आपल्यासाठी तासभर खर्च करायला हवा. ज्या मुलाकडे चार वर्षे 'कोट्यातला' म्हणून पाहिले गेले, ज्याला प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये शेवटी घेतले गेले, त्याने केबिनचे दार कोणत्या तोंडाने वाजवायचे? 'तुम्हाला काय, तुम्हाला तर सरकार देतंय' हे वाक्य अनेकांनी ऐकले आहे. मार्कशीटवर न दिसणारा भेदभाव इथे येऊन उभा राहतो, आणि त्याची तक्रार कुठल्याच कमिटीकडे करता येत नाही.

उपाय एकच, तयारी तिसऱ्या वर्षापासून करायची. ज्या एक-दोन प्राध्यापकांच्या विषयात चांगले गुण आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत बसायचे, प्रश्न विचारायचे, छोटे काम मागून घ्यायचे. ऑगस्टमध्ये भेटून पत्राची विनंती करायची आणि सोबत एक पान द्यायचे. आपण त्यांच्याकडे कोणता विषय घेतला, काय बनवले, कुठे अडलो, कसे सोडवले, हे त्यात असावे. 'मुलगा कष्टाळू व प्रामाणिक आहे' अशा पत्राची तिकडे किंमत शून्य. 'याने लेथचा जुना कंट्रोलर उघडून दुरुस्त केला' या ओळीला किंमत आहे. कॉलेजात दोनच माणसे मिळाली तर तिसरे पत्र कंपनीतल्या वरिष्ठाकडून घ्यावे. अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडतो का' असा प्रश्न येतो. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला तो हक्क दिला आहे; तरी इथे तो सोडणेच शहाणपणाचे, कारण गुप्त पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो. हक्क सोडा असे या स्तंभात लिहिताना हात जड होतो, पण व्यवहार असा आहे.

उद्देशपत्राबाबत मुले विचारतात, जातीचे लिहायचे का? माझे मत असे. उद्देशपत्र हे कामाचे पत्र आहे. कोणता प्रश्न सोडवायचा आहे, आजवर काय केले, त्या विभागातल्या कोणत्या प्राध्यापकाच्या कामाशी ते जुळते, याला पहिली जागा. 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती' ही ओळ हजारो अर्जांत असते, ती गाळावी. वेगळे वैयक्तिक निवेदन मागितले असेल तर तिथे आपली वाटचाल निःसंकोच मांडावी, मात्र अमेरिकी वाचकाला कळेल अशा शब्दांत. 'कॅटेगरी' म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करीत होती आणि मी वस्तीतल्या विहारात बसून मेकॅनिक्स शिकलो, हे त्याला कळते. दया मागायची नाही, पुरावा मांडायचा. जात सांगितल्याने समितीत बसलेल्या एखाद्या भारतीय प्राध्यापकाच्या मनात काय येईल, ही भीतीही खोटी नाही. जात समुद्र ओलांडून गेली आहे, म्हणून तर ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, आणि सिएटल शहराने २०२३ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याचे तसेच विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारले.

एक बाब आपल्याच मुलांची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपली कितीतरी मुले दहावीनंतर डिप्लोमा करतात, कारण लवकर नोकरी लागावी ही घरची गरज. मग थेट द्वितीय वर्षाला बी.ई.ला येतात. त्यांच्या ट्रान्सस्क्रिप्टवर पहिले वर्ष नसते. तिकडचा कारकून तीनच वर्षे मोजतो आणि विचारतो, चौथे कुठे? म्हणून तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाची गुणपत्रके सोबत जोडावीत आणि दहावीनंतर तीन अधिक तीन वर्षे झाली, हे एका वाक्यात लिहावे. मराठी माध्यमातून आलेल्यांची पहिल्या सत्रात एम-वनची केटी लागलेली असते. ती लपवू नये. पुढच्या सत्रांत गुण कसे चढत गेले हे दोन ओळींत दाखवावे. चढता आलेख समितीला दिसतो.

पैशांबाबत. राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींना. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. दोन्हीकडे विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच ती क्रमवारी शेजारी ठेवावी. प्रवेश मिळाल्यावर पाहिली तर हात चोळत बसावे लागते. २०२४ साली राज्याच्या योजनेत गुणांच्या आणि रकमेच्या जाचक मर्यादा घातल्या गेल्या तेव्हा विद्यार्थ्यांनीच आवाज उठवला. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना सुरुवातीला पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी आल्यावर बघू, असे उत्तर. सप्टेंबरात वर्ग सुरू होणार आणि जुलैत सरकार म्हणते पैसे नाहीत! या देशात पुतळ्यांना निधी कधी कमी पडल्याचे ऐकिवात नाही. उत्पन्नाच्या मर्यादेचेही तेच. आई-वडील दोघेही शिक्षक असलेले घर ८ लाखांच्या वर जाते आणि ५० लाखांच्या खाली राहते. त्याने जायचे कुठे?

केंद्राच्या अर्जाला केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला काढून ठेवावा. नुसता 'नवबौद्ध' दाखला तिथे चालेलच असे नाही, आणि ऐन वेळी तहसीलच्या खिडकीवर वाद घालून उपयोग नसतो.

व्हिसाची वाटही २०२५ पासून खडतर झाली. त्या वर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे बंद होते, आणि सुरू झाले तेव्हा समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना खुली ठेवण्याची अट आली. सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तिथे शिकून पदवी घेतलेल्यांना आतूनच व्हिसा बदलताना ते लागू नसल्याचा खुलासा ऑक्टोबरात आला. तिथली नोकरी धरून कर्जाचे गणित मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कर्ज इथे फेडायचे आहे, जामीन बाप आहे.

राहिला कागदांचा प्रश्न. पीएच.डी.च्या बहुतेक मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपतात, एम.एस.च्या फेब्रुवारीपर्यंतही असतात. म्हणजे येत्या वर्षी ऑगस्टमध्ये जायचे तर यंदाच्या जूनमध्ये पासपोर्ट हाती हवा, ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्सस्क्रिप्टचा अर्ज जायला हवा, कारण तिथल्या टेबलांवरून फाईल हलायला आठवडे लागतात. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, कधी शेवटी आईचे. पासपोर्टवर वेगळेच. ही नावे जुळवणारे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. आर्थिक साहाय्यासह प्रवेश आला, तर तो स्वीकारायला अनेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, तसा त्यांचा आपसांतला ठराव आहे. तेव्हा मार्चमध्ये कुणी 'उद्याच हो म्हणा' असा दबाव आणला तर विभागाला सरळ विचारावे, की आपण त्या ठरावात आहात का.