लॅपटॉपचा लॅन पोर्ट: १०० की १०००?

बदलापूर गावात घरी फायबर घेतलंत, तर आधी प्लॅन बघा, मग लॅपटॉपचा लॅन पोर्ट. प्लॅन १०० एमबीपीएसपर्यंतचा असेल, तर १००चा जुना पोर्टही चालतो. त्यातून प्रत्यक्षात साधारण ९४ मिळतात. २०० किंवा ३००च्या प्लॅनला मात्र १०००चा, म्हणजे गिगाबिट पोर्ट हवा. २.५ गिगाबिटच्या पोर्टसाठी जास्त पैसे मोजून अशा प्लॅनवर इंटरनेट वेगवान होत नाही.

राउटरचा पोर्ट आणि केबलही तपासा. वेग सर्वांत मंद भागावरच ठरतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १००ला चारच. त्यामुळे एखादी तार तुटली की जोडणी अनेकदा १००वर उतरते. घरात कॅट ५ई केबल पुरते. लॅपटॉपला पोर्टच नसेल, तर यूएसबी ३चा गिगाबिट अडॅप्टर घ्या.