गलाईची रीत आणि टीबीची खूण

गलाई म्हणजे काय, हे विट्यात लहान पोरालाही सांगावे लागत नाही. जुने सोने वितळवायचे, भेसळ काढायची, शुद्ध तेवढे ठेवायचे. खानापूर तालुक्यातली कितीतरी घरे या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. आजार ओळखण्याची एक नवी रीत थोडीफार अशीच आहे. तिचे नाव अ‍ॅप्टॅमर.

आधी ती का हवी ते बघू. आमच्या वर्गातली एक मुलगी ताप आणि डोकेदुखीने महिनाभर घरी होती. अम्मी-अब्बांना वाटले, अभ्यासाचा ताण असेल. शेवटी पाठीच्या कण्यातले पाणी तपासले आणि मेंदूच्या आवरणाचा टीबी निघाला. अल्लाहच्या कृपेने पोरगी बरी झाली, पण उशीर जिवावर बेतला असता. या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत. थुंकीतसुद्धा एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असले, तरच ते नजरेला पडतात. जंतू वाढवून बघायचे, तर सहा-आठ आठवडे जातात.

मग जंतूच शोधायचा कशाला? त्याने मागे टाकलेली खूण शोधली तर? अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. बहुतेक वेळा ते एखादे प्रथिन असते. ते नेमके पकडणारा डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा म्हणजे अ‍ॅप्टॅमर. तो स्वतःभोवती दुमडून असा आकार घेतो की, काजात बटण बसावे तसा त्या प्रथिनावर बसतो.

हा तुकडा मिळवतात कसा? इथे गलाई आठवा. वेगवेगळे कोट्यवधी तुकडे बनवून त्या प्रथिनात मिसळतात. जे चिकटतात ते ठेवतात, बाकीचे धुऊन टाकतात. उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा तेच करतात. अशा आठ-पंधरा फेऱ्यांनंतर घट्ट धरणारे तेवढे उरतात. अमेरिकेत 1990 मध्ये क्रेग टर्क आणि लॅरी गोल्ड यांनी ही पद्धत मांडली. त्याच वर्षी अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी या तुकड्यांना अ‍ॅप्टॅमर हे नाव दिले. शोधणाऱ्याचे आडनावच गोल्ड, म्हणजे सोने, हे वाचून विटेकरांना गंमत वाटेल!

तपासणीत अ‍ॅप्टॅमरने प्रथिन धरले की रंग बदलतो किंवा विजेचा प्रवाह बदलतो, आणि यंत्र तो मोजते. आज अनेक चाचण्यांत हे काम अँटीबॉडी करतात. पण त्या बनवायला प्राणी किंवा जिवंत पेशी लागतात, आणि उष्णतेने त्या खराब होतात. अ‍ॅप्टॅमर रसायनांपासून बनतो. तापला तरी थंड झाल्यावर तो बहुधा पुन्हा पहिला आकार घेतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फायदा छोटा नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. फरिदाबादची टीएचएसटीआय ही सरकारी संशोधन संस्था आणि दिल्लीचे एम्स इथल्या शास्त्रज्ञांनी टीबीच्या जंतूचे एचएसपीएक्स नावाचे प्रथिन पकडणारे अ‍ॅप्टॅमर तयार केले. मेंदूच्या आवरणाचा आणि फुप्फुसाच्या आवरणाचा टीबी ओळखण्यासाठी त्यांनी ते रुग्णांच्या नमुन्यांवर तपासले.

मात्र ही चाचणी उद्या आपल्या दवाखान्यात येईल, अशा भरवशावर बसू नका. विट्यात यंत्रमागावर काम करणारे खूप जण खोकल्याला 'सुताच्या धुळीचा' म्हणून सोडून देतात. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा 1,000 रुपयेही मिळतात. मुलाला ताप आणि डोकेदुखी बरेच दिवस राहिली, उलट्या होऊ लागल्या किंवा ते सुस्त पडले, तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि लोक काय म्हणतील म्हणून आजार लपवू नका. दुआ करूच, पण दवा वेळेवर सुरू व्हायला हवी.