दीड मिलिमीटरचा हिशोब

१९०० कोटी! २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये बसवलेल्या नखाएवढ्या चिपवर एवढे ट्रान्झिस्टर आहेत. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दोन-दोन वाटले तरी उरतील. दर सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता मोजायला बसलं तर ६०२ वर्षं लागतील. शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या वर्षी, १६३० साली, कुणी मोजायला सुरुवात केली असती, तर आज त्याचं जेमतेम दोन तृतीयांश काम झालं असतं आणि मोजणी संपायला २२३२ साल उजाडलं असतं! प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या जागी ज्वारीचा एक दाणा ठेवून बघू. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर ५७० टन ज्वारी होते. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन माल मावतो, म्हणजे साडेनऊ वाघिणी भरून ज्वारी. आणि हे सगळं तुमच्या खिशात!

आता थोडं मागं जाऊ. १९८९ मध्ये इंटेलची ४८६ चिप आली तेव्हा तिच्यावर १२ लाख ट्रान्झिस्टर होते आणि जगानं तोंडात बोटं घातली होती. १२ लाखांवरून १९०० कोटी म्हणजे जवळजवळ १६ हजार पट. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला, १९२ किलोमीटर, सुमारे सव्वातीन तासांत पोचते. ती १६ हजार पट वेगानं धावली तर? पाऊण सेकंद. सीएसएमटीला पाय आत ठेवायचा आणि शिट्टी पूर्ण वाजायच्या आत पुण्याला उतरायचं!

आणि बॅटरी? सोनीनं १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात किलोमागं ऐंशीएक वॅट-तास ऊर्जा मावायची. आज अडीचशे किंवा थोडी जास्त मावते. तीन पट. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, आणि ते त्यांना मिळायलाच हवं होतं. पण तीनच पट! बॅटरीच्या वेगानं सुधारलेली डेक्कन क्वीन आजही तासाभरानंच पुण्याला पोचेल. एकाच यंत्रात एक गाडी पाऊण सेकंदाची, दुसरी तासाची. फोन, टॅबलेट, लॅपटॉप यांच्या आखणीत आज जे जे भांडण आहे, जाड की पातळ, हलका की दणकट, उघडता येणारा की डिंकानं बंद केलेला, ते या दोन गाड्यांमधल्या अंतराचं भांडण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीत मुळात असतं किती? ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर दोन मिलिलिटर, अर्धा चमचासुद्धा नाही. तेवढ्यावर दिवसभर फोन चालतो, व्हिडिओ चालतात, नकाशे चालतात, नातेवाइकांचे सुप्रभात चालतात! चोवीस तासांत वाटून टाकली तर ही वीज एक वॅटसुद्धा भरत नाही, झोपताना लावतो त्या छोट्या एलईडी दिव्याच्या पंक्तीतली. युनिटला १० रुपये धरा, एक चार्ज १९ पैशांचा. वर्षभर रोज चार्ज करा, सत्तर रुपये. अर्ध्या चमच्यावर १९०० कोटींचं घर चालवायचं, म्हणून डिझायनर थेंबाथेंबासाठी भांडतात.

टॅबलेटकडं वळा, तिथं पडदा मोठा आणि भूकही मोठी. २०२४ चा तेरा इंची आयपॅड प्रो घ्या, जाडी ५.१ मिलिमीटर. पडद्यावर आडवे २७५२, उभे २०६४, म्हणजे ५६ लाख ८० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. आणि हे सगळं सेकंदाला १२० वेळा नव्यानं रंगतं. करा गुणाकार: सेकंदाला २०४ कोटी दिवे! भारताची सगळी लोकसंख्या एका सेकंदात जवळजवळ दीड वेळा हजेरी लावून जाते. प्रत्येक दिव्याला एकेका वेळेचा एक रुपया मजुरी द्यायची ठरवली तर? भारताचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. सात तास भरायच्या आत तिजोरी रिकामी! दोन लांबलचक सिनेमे आणि थोडं क्रिकेट, एवढ्यात. म्हणून हा पडदा चित्र स्थिर असलं की १२० वरून १० पर्यंत खाली येतो. पडदा गुळगुळीत सरकावा की बॅटरी टिकावी, हा वाद पडद्यानं दर क्षणाला स्वतःपुरता सोडवायचा, ही तोड मला फार आवडते.

लॅपटॉपमध्ये निदान जागा तरी आहे, मग तिथं भरपूर बॅटरी का घालत नाहीत? कारण विमान! १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विमानात बिनपरवानगी नेता येते, त्याच्या वर विमान कंपनीची मंजुरी लागते. म्हणून सोळा इंची मॅकबुक प्रोसारखे दांडगे लॅपटॉपही बरोब्बर या रेषेला टेकून उभे राहतात. अकरा मिलिलिटर पेट्रोलएवढी ऊर्जा, चहाचे दोन चमचे! लाखाच्या वर किमतीच्या यंत्राची कमाल मर्यादा दोन चमच्यांवर येऊन ठेपली आहे.

लॅपटॉपवरचं सर्वांत कडू भांडण मात्र मेमरीचं. पूर्वी मागचं झाकण उघडायचं, रॅमची जुनी पट्टी काढायची, मोठी बसवायची, यंत्राला आणखी तीन-चार वर्षं आयुष्य मिळायचं. आता अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी थेट बोर्डावर डाखून टाकलेली असते. विकत घेताना ८ जीबी घेतली तर मरेपर्यंत ८ जीबी. राग येतो, यायलाच हवा. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही ऐका. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर त्याला लागतात सेकंदाचा जेमतेम दीड-हजारावा भाग. तेवढ्या वेळात चार गिगाहर्ट्झची चिप किती ठोके मारते? पंचवीस लाख! दोन ठोक्यांच्या मध्ये प्रकाशसुद्धा फक्त साडेसात सेंटिमीटर सरकतो, तळहाताच्या रुंदीएवढा. या वेगाला मेमरी वीतभर लांब, मध्ये खाचा आणि पिना, हे जड जातं. फार वेग हवा असेल तर तिला चिपला खेटून बसवणं सोयीचं पडतं.

फ्रेमवर्क नावाची अमेरिकी कंपनी २०२१ पासून लॅपटॉप विकते. तिचा धर्मच मुळी प्रत्येक भाग ग्राहकाला बदलता यावा हा. २०२५ मध्ये तिनं एएमडीची रायझन एआय मॅक्स ही चिप वापरून एक छोटा डेस्कटॉप जाहीर केला आणि त्यात मेमरी डाखलेली निघाली! काढती मेमरी जमते का हे एएमडीकडून तपासून घेतलं, पण या वेगाला ती टिकली नाही, असं कंपनीचे प्रमुख नीरव पटेल यांनी उघडपणे सांगितलं. वेग होता सेकंदाला २५६ गिगाबाइट. म्हणजे? तीनशे पानांची मराठी कादंबरी घ्या. पानावर काना-मात्रा धरून दीड हजार चिन्हं, चिन्हाला तीन बाइट. अशा १ लाख ९० हजार कादंबऱ्या, एका सेकंदात! एकावर एक रचल्या, प्रत्येकीची जाडी दोन सेंटिमीटर, तर ढीग ३.८ किलोमीटर उंच. कळसूबाई १६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी ढिगाचा माथा अर्धा किलोमीटर वरच! तरीही माझं म्हणणं असं की ज्याला कागदपत्रं लिहायची आहेत, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, त्याला दर सेकंदाला दोन कळसूबाई नको आहेत. त्याला झाकण उघडणारा लॅपटॉप द्या.

चार्जरचं भांडण युरोपनं कायद्यानं मिटवलं. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथं विकला जाणारा प्रत्येक नवा फोन आणि टॅबलेट यूएसबी-सी. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला ११ हजार टन, असा तिथला अंदाज होता. तीन मालगाड्या भरून वायरी आणि प्लग. बरं झालं, मिटलं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या भांडणाकडं येतो. सॅमसंगनं २०२५ मध्ये दोन फोन काढले, दोन्ही ६.७ इंची. गॅलॅक्सी एस२५ प्लस: जाडी ७.३ मिलिमीटर, वजन १९० ग्रॅम, बॅटरी ४९०० एमएएच. एस२५ एज: जाडी ५.८, वजन १६३ ग्रॅम, बॅटरी ३९०० एमएएच. फरक दीड मिलिमीटरचा, जवळपास एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा. त्या नाण्याच्या एका बाजूला पातळपणा, दुसऱ्या बाजूला १००० एमएएच.

जगात वर्षाला सुमारे १२० कोटी स्मार्टफोन विकले जातात. हे दीड मिलिमीटर सगळ्यांतून कापून एकावर एक रचू. १८०० किलोमीटर! मुंबई-पुणे अशा येता-जाता नऊ खेपा झाल्या, आणि दहाव्या खेपेला पुण्याहून निघून खंडाळ्याच्या घाटात पोचलं. वजन? फोनमागं २७ ग्रॅम म्हणजे ३२ हजार ४०० टन, ५४० वाघिणी, नऊ लांबलचक मालगाड्या. पातळ फोनवाल्यांची बाजू इथं खरी भक्कम आहे. नऊ मालगाड्यांचा माल खाणीतून काढायचा वाचला, विमानांत आणि जहाजांत चढवायचा वाचला, आणि तुमच्या मनगटावरचाही २७ ग्रॅमचा भार उतरला.

आता १००० एमएएचकडून बोलू. १००० एमएएच म्हणजे ३.९ वॅट-तास. एवढ्या ऊर्जेनं दहा मीटर खोल विहिरीतून पाणी ओढायचं ठरवलं, पंपात काहीच वाया जात नाही असं धरलं, तर किती येईल? १४३ लिटर. बारा हंडे पाणी, एका नाण्याच्या जाडीतून! ज्यांनी रहाटावर हात सोलून घेतले आहेत त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आणि हे झालं एका फोनचं. १२० कोटी फोनांचं करा. १७ हजार १६० कोटी लिटर! सहा मीटर रुंद, दहा मीटर पाण्यानं भरलेल्या विहिरी घ्या: सहा लाख विहिरी. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणं साडेत्रेचाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. चांद्यापासून बांद्यापर्यंत प्रत्येक गावातल्या जवळजवळ चौदा विहिरींचं पाणी दहा मीटर वर आलं! टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगतो: सहा टीएमसी. पुण्याचं खडकवासला धरण भरतं १.९७ टीएमसीला. तीन खडकवासला! आणि ही फक्त एका चार्जची कमाई. फोन रोज चार्ज होतो. गुणिले ३६५. वर्षाला २२०० टीएमसीच्या वर. कोयनेचा शिवसागर काठोकाठ भरला की १०५ टीएमसी. भागा. एकवीस! एकवीस कोयना, दहा मीटर वर उचललेल्या, दीड मिलिमीटरमधून. मला तो जाड फोन द्या!