पेशंटजवळचं माणूस

कॅन्सरच्या उपचारात डॉक्टर, औषध आणि यंत्र यांच्या जोडीला आणखी एका माणसाचे कष्ट असतात. वॉर्डात त्याला नाव नसतं. "पेशंटजवळ कोण आहे?" असा पुकारा झाला की ते उठून उभं राहतं. नांदेड-लातूरकडे हे माणूस बहुधा बायको, सून किंवा थोरली लेक असते. बाईच आजारी पडली तर मुलगा, भाऊ किंवा माहेरचं कुणीतरी धावून येतं. त्याचं काम सोबत बसण्यापुरतं नसतं. किमोचे कितीतरी डोस 21 दिवसांच्या अंतराने दिले जातात. त्यातला एखादा दिवस दवाखान्यात जातो, बाकीचे जवळजवळ सगळे घरी. औषधाचा त्रास दिसतो तो या घरच्या दिवसांत, आणि त्या वेळी रुग्णाजवळ नर्स नसते, हेच माणूस असतं.

मराठवाड्यात या कामात प्रवासाची भर पडते. लातूरमध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली उभ्या केलेल्या विवेकानंद रुग्णालयात आता कॅन्सरवरही उपचार होतात. छत्रपती संभाजीनगरला 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूरकरांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही जवळचं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारी माणसं गावोगाव जाऊन लक्षणांविषयी बोलत राहिली आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. घरात या विषयावर बोलणं झालं की काय फरक पडतो, त्याचा हा जवळचा दाखला. तरीही अनेकांना मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय गाठावंच लागतं. नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे 600 किलोमीटर. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला असला की उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ होतं आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते. हा दाखला तारीख ठरली त्याच दिवशी मागून घ्यावा. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा मराठवाड्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहेत.

पैशाच्या बाबतीत पहिली चौकशी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची करावी. 2012 साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होतं. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना उपचार सुरू होण्याआधी भेटायचं. बिल भरून झाल्यावर गेलं तर फार उशीर झालेला असतो.

यापुढचं काम फाईलचं. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म, प्रत्येक डोसाचा कागद, रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले असले तर ओपीडीतली पाच मिनिटं सत्कारणी लागतात. त्यात एक शंभर पानी वही असावी: ताप किती, उलट्या किती, शौचास झालं का, काय खाल्लं. "बरं होतं" या उत्तरापेक्षा या नोंदींवरून डॉक्टरांना पुढचा डोस ठरवता येतो.

सगळ्यात जपायचे दिवस म्हणजे किमोनंतरचा साधारण दुसरा आठवडा. तेव्हा पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात आणि जंतूंशी लढायला अंगात फार थोडं बळ उरतं. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून भागत नाही. पारा 100.4 फॅरनहाइटवर गेला की तो साधा ताप नव्हे. मध्यरात्र असली तरी उपचार करणाऱ्या दवाखान्यात फोन करून निघायचं. इथे नेहमी होणाऱ्या दोन चुका जिवावर बेतू शकतात. एक, आपल्या मनाने पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबणं. ताप उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. दुसरी, गावातल्या डॉक्टरकडून सुई मारून घेणं. प्लेटलेट कमी असतील तर त्या जागी रक्त साकळतं, आणि योग्य औषधाची वेळही निघून जाते. या दिवसांत पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं आणि पूर्ण शिजलेलं द्यावं. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणं आपल्याकडे अवघड जातं, पण सर्दी-खोकला असलेल्याला तरी निक्षून नाही म्हणावं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर किंवा शेक (रेडिएशन) चालू असताना गिळता येईनासं होतं आणि नाकातून नळी घालतात. मग रुग्णाचं सगळं पोषण या माणसाच्या हातात येतं. वरण, ज्वारीची पेज, दूध, अंडं, जे ठरवून दिलं असेल ते मिक्सरमधून काढून गाळायचं. एक कण अडकला तरी नळी तुंबते. रुग्णाला उठून बसवायचं, नाकपुडीजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का बघायची. सिरिंज उंच धरून अन्न आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. शेवटी साधं पाणी सोडायचं. त्यानंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. नळी बाहेर सरकली तर घरी परत घालू नये. दर दोन-तीन तासांनी हे सारं करायचं, म्हणजे दुसऱ्या कामाला दिवस उरत नाही.

कॅन्सर शिवल्याने होत नाही, हे घरात मोठ्याने सांगावं लागतं. ताट-वाटी वेगळी केल्याचा घाव रुग्णाच्या मनावर फार खोल जातो. बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्याच्या मांडीवर नातवंडाने खुशाल बसावं. किमोनंतरचे पहिले दोन दिवस मात्र उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, कारण त्यातून औषध बाहेर पडत असतं.

"त्यांना सांगू नका," अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना करतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण दवाखान्याच्या पाटीवरच कॅन्सर लिहिलेलं असतं. रुग्णाला कळतं, घरच्यांनाही ठाऊक असतं, आणि दोघं एकमेकांपासून लपवत एकेकटे सोसत राहतात. रुग्णाला किती जाणून घ्यायचं आहे हे त्यालाच विचारावं आणि तेवढं खरं सांगावं. दुखण्याबाबतही असंच होतं. मॉर्फिन म्हटलं की सवय लागेल, शेवट जवळ आला, अशी भीती वाटते. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत लागतं.

या सगळ्यात जवळच्या माणसाची स्वतःची बीपीची गोळी राहून जाते, झोप तुटते. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, गुरं शेजाऱ्यावर सोपवलेली असतात. एकट्यावर हे टाकणं अन्यायाचं आहे. काही लागलं तर सांगा, असं म्हणून निघून जाणाऱ्या भावकीपेक्षा आठवड्यातल्या दोन रात्री दवाखान्यात येऊन झोपणारा एक पुतण्या कितीतरी जास्त कामाचा. रडू आवरत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

उपचार संपल्यावर बाकीच्या घराला वाटतं, सुटलो. पण शेक घेतलेला जबडा पुढे कित्येक महिने आखडत जातो, म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. रुग्णाने स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायची, असं त्याचं घरगुती माप. ती बसतात की दोनच बसतात हे आरशासमोर उभं राहून बघणं आणि वहीत लिहून ठेवणं हेही पेशंटजवळच्या माणसाकडेच येतं.